प्रश्न तुमचे : दोन हजारांतला ब्लूटूथ स्पीकर

प्रश्न : आम्ही चौघं मित्र नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत कामाला आहोत. पावसाळ्यात सुट्टीला पहिने, अंजनेरीकडे जातो, एरवी खोलीवर गाणी ऐकतो. बजेट दोन हजार. एमजी रोडला एका दुकानात ८ वॅटचा स्पीकर दाखवला, शेजारच्या दुकानात तेवढ्याच किमतीत २० वॅटचा. मग २० वॅटचाच घ्यावा ना?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : वॅट बघून घेऊ नका. वॅट दुप्पट झाले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे दहापट वॅट. ८ आणि २० वॅटचे दोन्ही आकडे खरे धरले तरी फरक ४ डेसिबलचा. तो जाणवेल, पण त्यासाठी बाकीच्या गोष्टी सोडून देण्याएवढा नाही. शिवाय स्वस्त मालावरचा २० हा आकडा बऱ्याचदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा, म्हणजे पीएमपीओ असतो. खोक्यावर ‘आरएमएस’ (म्हणजे सतत देता येणारी ताकद) लिहिलेला आकडाच धरा. जेबीएलचा छोटा गो ३ फक्त ४.२ वॅटचा आहे, आणि छोट्या खोलीला तो पुरतो.

बॅटरीचा आकडाही स्वतः ताडून बघता येतो. खोक्यावर १५०० एमएएच आणि ‘१२ तास’ असं लिहिलंय समजा. १५०० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणलं की साधारण साडेपाच वॅट-तास होतात. ते १२ तास पुरवायचे तर सरासरी अर्धा वॅटसुद्धा वापरता येत नाही. म्हणजे हे १२ तास हळू आवाजातले आहेत. तुम्ही चौघं मोकळ्यावर आवाज चढवून ऐकणार, तेव्हा छापलेल्या वेळेच्या निम्म्याहून कमीच धरा. दिवसभर चालायला हवा असेल तर २००० एमएएचच्या खालचा घेऊ नका.

आता पाऊस. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी यांच्यापासून संरक्षणाचा दर्जा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. अंकाच्या जागी एक्स असेल तर ती चाचणी जाहीर केलेली नाही. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपी६७ म्हणजे हेच, आणि धूळही आत जाणार नाही. पहिन्याच्या पावसाला आयपीएक्स७ किंवा आयपी६७ हवा. त्र्यंबककडच्या सरींत आयपीएक्स४ टिकेल या भरवशावर राहू नका. आणि ही चाचणी साध्या, स्थिर पाण्याची असते. साबणाचं पाणी आणि रंगपंचमीचा रंग तिच्यात धरलेला नाही. रहाडीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या रंगीत पाण्याच्या हौदाच्या काठी नेलात तर आल्यावर साध्या पाण्याने हलकेच धुवा, जाळी खाली करून ठेवा आणि मध्यम आवाजात काही मिनिटं गाणं लावा, म्हणजे जाळीत अडकलेलं पाणी निघून येतं. चार्जिंगचं तोंड पूर्ण कोरडं झाल्याशिवाय केबल लावू नका. ओल्या पिनांतून वीज गेली की पिना हिरवट पडतात आणि पुढे चार्जिंगच थांबतं. पाण्याने मेलेल्या स्पीकरांत हे कारण फार आढळतं, आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

दुकानात ऐकताना फोन तुमचा, गाणंही तुमचं रोजचं असू द्या. ढोलकी आणि माणसाचा आवाज दोन्ही असलेलं गाणं निवडा. आधी निम्म्या आवाजावर ऐका, मग पूर्ण करा. पूर्ण केल्यावर ढोलकीची थाप ‘धप’ऐवजी ‘फट’ अशी फुटत असेल किंवा गाणाऱ्याचा ‘स’ कानात खुपत असेल, तर तो स्पीकर खाली ठेवा. दोन्ही कडांच्या गोल चकत्यांकडेही नीट बघा. चांगल्या स्पीकरमध्ये तो पॅसिव्ह रेडिएटर असतो : आतल्या हवेच्या दाबाने मागेपुढे हलतो आणि बासला आधार देतो. गाणं चालू असताना त्यावर बोटाचं टोक अलगद टेकवा. थाप पडली की चकती बोटाला धडकली पाहिजे. काही स्वस्त स्पीकरांत ती निव्वळ चिकटवलेली प्लास्टिकची टिकली असते, ती हलतच नाही. वजनावर मात्र विश्वास ठेवू नका, काही ठिकाणी आत लोखंडाची पट्टी घालून वजन वाढवलेलं असतं.

तुम्हाला माझा सल्ला : ८ वॅटच्या स्पीकरला आयपीएक्स७ आणि हलणारे रेडिएटर असतील, तर तोच घ्या. एक विनंती, अंजनेरीला स्पीकर बॅगेतच राहू द्या. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे. स्मार्टफोन वापरत नाहीत. पहाटे अभंग आणि हरिपाठ ऐकायचा असतो. पेन ड्राइव्ह किंवा कार्डवर चालणारा स्पीकर चालेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : चालेल, आणि त्यांच्यासाठी तोच बरा. मायक्रो एसडी कार्डची खाच आणि हाताला सहज लागणारी मोठी बटणं असलेला घ्या. कार्ड ३२ जीबीपेक्षा मोठं घेऊ नका. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एफएटी३२ पद्धतीची येतात, त्याहून मोठी एक्सएफएटीची, आणि स्वस्त स्पीकर ती बऱ्याचदा वाचत नाहीत. मग दुकानदार कार्ड खराब आहे म्हणतो, तसं नसतं. गाणी एमपी३ मध्ये ठेवा. १२८ केबीपीएसच्या दर्जाला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे एका कार्डात पाचशे तास सहज मावतात. फायलींच्या नावापुढे ००१, ००२ असे आकडे घाला, नाहीतर हरिपाठाचा क्रम विस्कटतो.

खरेदीआधी दोन गोष्टी हाताने तपासा. बंद करून परत सुरू केला की थांबलेल्या ठिकाणापासून वाजतो की पहिल्या गाण्यापासून? काही मॉडेलांत रोज पहिलंच गाणं लागतं, तसला घेऊ नका. आणि सुरू करताना इंग्रजी सूचना बोलतो का, तिचा आवाज कमी होतो का? काहींत ती सूचना कायम मोठ्यानेच वाजते. पहाटे पाचला सारं घर जागं होईल. एफएम असेल तर हेही लक्षात ठेवा, की बऱ्याच छोट्या स्पीकरांत चार्जिंगची वायरच अँटेनाचं काम करते. ती लावल्याशिवाय नुसती खरखर येते.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळासाठी ब्लूटूथ स्पीकर घेतला. फोनमध्ये माइकचं ॲप टाकलं, पण बोललेलं मागाहून ऐकू येतं. स्पीकर खराब आहे का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : स्पीकर ठीक आहे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकड्यांत दाबला जातो, पाठवला जातो, मग स्पीकरमध्ये उलगडला जातो. यात पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे आवाज अर्धी मात्रा मागे पडतो आणि टाळकऱ्यांचा तोल जातो. कुठलंही ॲप याला उपाय नाही. माइकसाठी ६.३ मिमीची खाच असलेला ट्रॉली स्पीकर घ्या आणि माइक वायरनेच जोडा, किंवा त्याच स्पीकरबरोबर येणारा रेडिओवरचा कॉर्डलेस माइक वापरा. तानपुऱ्याचं ॲप मात्र तुमच्याकडच्या स्पीकरवर खुशाल लावा. अखंड सुराला उशिराने फरक पडत नाही. काकडआरती उघड्यावर असेल तर सकाळी ६ च्या आधी ध्वनिक्षेपक लावता येत नाही, नियम रात्री १० ते सकाळी ६ असा आहे.

प्रश्न : द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये, साधारण ६० फूट लांब, बायकांना गाणी लावायची आहेत. एकाच स्पीकरने दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही. मोठा घ्यावा का?
— एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर : मोठा घेण्यापेक्षा एकाच मॉडेलचे दोन घ्या. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. शेडमध्ये पत्र्यावरून परतणाऱ्या आवाजामुळे थोडा कमी पडतो, इतकंच. एका टोकाला मोठा लावलात तर जवळच्या बायकांचे कान बसतील आणि लांबच्यांना पुन्हा अर्धवटच. टीडब्ल्यूएस, म्हणजे दोन स्पीकर बिनवायरीने जोडून एकत्र वाजवण्याची सोय असलेले दोन स्पीकर एकमेकांना जोडा, शेडच्या लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, डोक्याच्या वर टांगा. टीडब्ल्यूएस बहुधा एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये जुळतं, म्हणून दोन्ही एकदम घ्या आणि दुकानातच जोडून बघा. फोन पहिल्या स्पीकरजवळ ठेवा. मध्ये क्रेटची थप्पी आली की ब्लूटूथ तुटक होतं, पाणी असलेला माल हे तरंग शोषून घेतो. धुळीसाठी आयपी६ ने सुरू होणारा दर्जा हवा.

प्रश्न : नव्या स्पीकरला फोनच्या सी-टू-सी केबलने चार्जिंग होत नाही. परत करू का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : आधी एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेल्या केबलने, साध्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून बघा. बहुतेक चालेल. सी-टू-सीमध्ये अडॅप्टर वीज सोडण्यापूर्वी समोर कोणी आहे का ते विचारतो, आणि त्याला उत्तर द्यायला स्पीकरच्या खाचेत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात. पैसे वाचवायला काही उत्पादक ते घालत नाहीत, मग अडॅप्टर वीज सोडतच नाही. धोका काही नाही, पण परत करण्याची मुदत असेल आणि तुमच्याकडे सगळ्या सी-टू-सीच केबली असतील तर बदलून घ्या, ती तक्रार रास्त आहे. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. बदलताना नव्या डब्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते तिथेच दुकानात कळतं.