डॉक्टरांनी नैराश्यावर एस्सिटालोप्राम लिहून दिलंय. घ्यावं की नाही?

तुमची भीती समजते, पण 'एकदा सुरू केली की सुटत नाही' हे चाळीतलं ज्ञान बाजूला ठेवा. या गोळीची नशा होत नाही. मात्र ती अचानक बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असं होऊ शकतं, म्हणून डोस हळूहळू उतरवतात.

खरा त्रास सुरुवातीचा. मळमळ, झोपेचा घोळ लगेच सुरू होऊ शकतो. गुण यायला मात्र २ ते ६ आठवडे. नेमके याच काळात लोक गोळ्या सोडतात. (सकाळच्या विरार लोकलमध्ये मळमळत असेल तर डॉक्टरांकडे गोळीची वेळ बदलून मागा.) लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम कोणी आपणहून सांगत नाही आणि तो टिकूही शकतो. लाजू नका, विचारा.

वय पंचविशीच्या आत असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं, कारण आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांना गाठा किंवा १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.

नैराश्य सौम्य असेल तर आधी समुपदेशन पुरतं. पण अंथरुणातून उठवत नसेल, तर मी गोळी घेईन. खाजगी फी परवडत नसेल तर मुंबईत परळच्या केईएम या पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रांगेची तयारी ठेवा.