पावसानंतर तीर्थन नदीत ट्राउट मिळतो का?

तुम्ही विचारलंय, की सप्टेंबरअखेरीस हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाताय, तिकडे नुकताच जोराचा पाऊस झालाय, तर ट्राउट माशासाठी फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-धाग्यांचा नकली किडा (फ्लाय) टाकून मासे धरायची काठी, सोबत नेण्यात अर्थ आहे का. नक्की न्या. फक्त पाऊस किती झाला याची चौकशी करत बसू नका. पाणी चढतंय की उतरतंय एवढंच बघा.

आपल्याकडे पहिल्या पुराबरोबर चढणीचे मासे धरायला लोक धावतात, त्यामुळे नदी फुगली की मासे मिळणार हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी कुल्लूत आणलेला ब्राउन ट्राउट तसा नाही. पाणी चढत असताना तो मुख्य धार सोडून काठाला, धोंड्यांच्या आड दबून बसतो. वाहत्या काटक्या-पाचोळ्यात त्याला फ्लाय दिसतही नाही. पाणी उतरून जरा निवळायला लागलं की मात्र तो खायला बाहेर पडतो, आणि किंचित गढूळपणामुळे तुम्ही त्याला दिसत नाही. स्वच्छ पाण्यात एरवी सावली पडली तरी पळणारा मासा अशा वेळी अगदी जवळ जाऊ देतो. माझ्या मते मार्च ते ऑक्टोबरच्या सबंध सीझनमधले हे सर्वात चांगले तास.

खोऱ्यातल्या गुशैणी गावाला पोहोचलात की पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवा आणि चहा पिऊन या. अर्ध्या तासात पाणी दगडापासून मागे सरकलं असेल तर उतार लागला. दगड पाण्यात गेला असेल तर त्या दिवशी नदीत उतरू नका. मग रंग बघा. काठालगत गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक अंधूक दिसत असेल आणि पाण्यावर हिरवट झाक असेल तर रॉड जोडायला घ्या. दाट राखाडी पाणी म्हणजे वर कुठेतरी दरड कोसळलीय, ते लवकर निवळत नाही. गुशैणीलाच फलाचन नाला तीर्थनला मिळतो. पुष्कळदा दोघांपैकी एकच गढूळ असतो, तेव्हा संगमाच्या वर, जो स्वच्छ असेल त्याच्या काठाने चालत जा.

नऊ फुटी, पाच वेटचा, म्हणजे मध्यम ताकदीचा रॉड पुरे. उतरत्या पाण्यात मणी लावलेली जड निंफ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी बुडणारी फ्लाय, हेअर्स इअर किंवा फेझंट टेल प्रकारातली, नाहीतर काळा, झुपकेदार वुली बगर. लांब कास्ट करू नका, म्हणजे फ्लाय लांब फेकू नका. धोंड्यामागच्या संथ पाण्यात, काठापासून हातभर अंतरावर, छोटे कास्ट टाका आणि लाइन (रॉडची दोरी) शक्य तितकी पाण्याबाहेर धरा. नदी पूर्ण निवळली की मग पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय आणि बारीक टिपेट, म्हणजे लाइनच्या टोकाचा पातळ धागा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात ढगफुटी झालेली असू शकते. पाणी अचानक गढुळलं, काटक्या वाढल्या, आवाज जड झाला, तर लाइन गुंडाळत थांबू नका, तडक वर चढा. खाली लारजीला तीर्थन ब्यास नदीला मिळते, तिथून पुढे ब्यासमध्ये तर उतरूच नका, तिथे धरणाचं पाणी सुटतं. जून २०१४ मध्ये थलौटजवळ हैदराबादचे इंजिनिअरिंगचे २४ विद्यार्थी असेच वाहून गेले.

मत्स्य विभागाचं लायसन्स काढा. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. तुमचा मुक्काम ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबला तर उथळ पाण्यात बारीक खडीवर उजळ, घासून काढल्यासारखे पट्टे दिसू लागतील. तिथे माद्या खडी उकरत असतात, त्यामुळे त्यावर पाय देऊ नका, लांबून वळसा घाला. आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे मासा हात ओले करून पाण्यातल्या पाण्यातच सोडता येतो.