चढ चालायचाच असतो

प्रिय,

तुझा मेल रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा. शूज, धावताना खायचं एनर्जी जेल, आठवड्याचे किलोमीटर या सगळ्यावर नंतर बोलू. ते कुणीही सांगेल. मला टोचलं ते शेवटचं वाक्य. साताऱ्याच्या शर्यतीत यवतेश्वरच्या घाटात तू धावायचं सोडून चाललीस म्हणून ग्रुपमधला कुणीतरी म्हणाला, ‘चालून पूर्ण केलं त्यात काय मोठं?’ आणि तेव्हापासून तू प्रत्येक चढ दात-ओठ खाऊन धावतेयस. गुडघा दुखतोय, तरीही. आणि येत्या जूनमध्ये तुला दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीला जायचंय, तेही चढाच्या वर्षी (एखाद्या वर्षी ती डर्बनहून वर चढत जाते, एखाद्या वर्षी उलटी, उतरत)!

अगं, चढ चालायचा असतो. पाय शाबूत असताना चालायचा असतो. थकल्यावर सगळेच चालतात, त्याला अक्कल लागत नाही.

मी 2017 साली गेलो तेव्हा माझंही डोकं असंच फिरलेलं होतं. डर्बनहून पीटरमॅरित्झबर्ग, 86.73 किलोमीटर, बारा तास. तेव्हा शर्यत पहाटे साडेपाचला सुटायची. अंधारात कोंबडा आरवतो (रेकॉर्डिंग असतं, पण काटा येतो अंगावर), तोफ होते आणि माणसांचा लोंढा सुटतो. माझा जोडीदार पहिल्या मोठ्या चढावर, काउइज हिलला, सरळ चालायला लागला. पंधरा-सोळा किलोमीटरही झाले नव्हते. मी त्याला म्हणालो, ‘अरे, फिरायला आलायस का?’ आणि पुढे निघून गेलो. फील्ड्स हिल धावलो, बोथाज हिल धावलो. ड्रमंडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या दरडीत आर्थर न्यूटनची बसायची जागा दाखवतात. हा शेतकरी 39व्या वर्षी पहिल्यांदा ही शर्यत जिंकला, आणि एकूण पाच वेळा. लोक तिथं फूल ठेवतात, त्याला ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणतात. सावकाश आणि लांब धावा, असं आयुष्यभर सांगणारा माणूस तो. मी तिथं थांबलो नाही. अर्धा मिनिट वाचवला.

ड्रमंड म्हणजे निम्मं अंतर. मी साडेपाच तासांत तिथं होतो, खुशीत. ड्रमंड सोडलं की लगेच इंचांगाचा चढ लागतो आणि तिथं मांड्या गेल्या. गंमत म्हणजे चढावर नाही, पलीकडच्या उतारावर. चढ रेटून धावताना अंगातली साखर संपत आलेली असते, आणि उतारावर मांड्यांना दर पावलाला ब्रेक लावायचा असतो. ब्रेकच उरला नव्हता. तिथून पुढे मी सपाटीवर चाललो, जिथं धावायचं असतं तिथं! हिशेब बघ. बारा तासांत पोचायला किलोमीटरला सव्वाआठ मिनिटांहून थोडी जास्त मिळतात. चढ दहाने चाललीस आणि बाकी साडेसातने धावलीस तरी जमतं. मी सकाळी चढावर जी मिनिटं कमावली, ती दुपारी सपाटीवर तिप्पट व्याजाने फेडली.

उमलास रोड हे वाटेतलं सगळ्यात उंच ठिकाण, 800 मीटरच्या वर. त्याच्या आसपास मागून बस आली. तिथं ‘बस’ म्हणजे ठरावीक वेळेत पोचणाऱ्या धावपटूंचा घोळका. पुढे झेंडा घेतलेला ड्रायव्हर, गाणी म्हणत, ‘त्या खांबापर्यंत चाला, आता पळा’ असं ओरडत. त्या बसमध्ये माझा जोडीदार होता. ताजातवाना. हात पुढे करून म्हणाला, ‘चल.’ मी म्हणालो, ‘तू हो पुढे, येतो मी.’

पॉली शॉर्ट्स हा शेवटचा मोठा चढ मी रांगत चढलो म्हटलं तरी चालेल. बारा तास झाले की एक माणूस धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. पाठ करून, कारण समोर कोण येतंय ते त्याला दिसू नये. मी चार मिनिटं उशिरा पोचलो. माझ्या बाजूनेही सांगतो, जेल नवीन होतं, पोट बिघडलं होतं, वय 49 होतं. आणि ते अंतर मी पायांनीच कापलं, छातीवरचा नंबर अजून कपाटात आहे. पण हे सगळं मी इतक्या वेळा सांगितलंय की बायको आता मध्येच उठून चहा टाकायला जाते.

2019 ला पुन्हा चढाचं वर्ष होतं. काउइज हिल दिसताच चालायला लागलो. मागून येणाऱ्या एकाने पाठीवर थाप मारून धीर दिला, त्याला वाटलं हा संपला! 11 तास 38 मिनिटं. अकरा ते बारा तासांवाल्यांना व्हिक क्लॅपमच्या नावाचं तांब्याचं लहानसं पदक मिळतं. हा रेल्वेतला माणूस, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी त्याने 1921 ला ही शर्यत सुरू केली. 34 जण निघाले, 16 पोचले. त्या सोळांमध्ये कोण कुठे चाललं, याची चौकशी आज कुणी करत नाही.

त्या जोडीदाराला मात्र ‘तुझंच बरोबर होतं’ हे मी अजून म्हटलेलं नाही. रोज भेटतो आम्ही. तोही विषय काढत नाही.

तर तुझ्या ग्रुपमधल्या त्या शहाण्याला उत्तर देऊ नकोस. गुडघा आधी दाखवून घे. आणि रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या पायथ्याशी, गोळेवाडीत ये. गाडीरस्त्याने वर जायचंय, पहिल्या वळणापासून चालत. कुणी हसलं तर हसू दे. तू माझ्या पुढे गेलीस तर मात्र मी तिथूनच परत फिरेन, सांगून ठेवतो.

तुझा,
काका