आगळाच्या धंद्याआधी स्वतःची मोजदाद

कोकमाचे आगळ (मीठ घालून काढलेला घट्ट रस) आणि सोले (वाळवलेली साले) विकण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र यंत्रांची दरपत्रके मागवण्यापूर्वी एका वहीत स्वतःचीच मोजदाद करा. ‘मी मेहनती आहे’ असे त्यात लिहू नका, कारण त्यावरून काहीच ठरत नाही. गेल्या वर्षी किती बाटल्या स्वतः भरल्या, त्यांतल्या किती नातेवाइकांखेरीज इतरांनी पैसे मोजून घेतल्या आणि किती जणांनी पुन्हा मागितल्या, हे लिहा. मी फोंड्यात दुकान थाटले तेव्हा माल उत्तम करत होतो, पण उधारी मागायला जीभ रेटत नसे. ते काम पत्नीने हाती घेतले म्हणून दुकान टिकले.

भांडवल मोजताना घर-भाट (घर आणि बागायत) आपलेच, असे सहज धरले जाते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेल्या कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते आणि स्थावर विकायला वा गहाण ठेवायला दोघांची संमती लागते. तेव्हा ते तारण एकट्याच्या खात्यात मांडू नका.

भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत पिकतात, म्हणजे वर्षभराचा कच्चा माल तेवढ्यातच रोखीने उचलावा लागतो आणि लगेच पावसाळ्यात पर्यटक ओसरतात. त्या दोन महिन्यांत तुम्हाला नोकरीतून रजा मिळेल का, आणि पाऊस लवकर आला तर सोले वाळवायला छपराखाली जागा आहे का? उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते. तिची घाई नाही.