जुन्या ट्रकला नवं इंजिन: दोन लाखांचा हिशोब कुठे चुकतो?

प्रश्न : आजोबांनी घेतलेला १९७५ चा नाकवाला टाटा १२१० आमच्याकडे आहे. पूर्वी यातून मार्केट यार्डात गुळाचे रवे जायचे. आता घरची वीट, वाळू, शेतातला माल आणि कधीतरी गगनबावड्यातून खाली वैभववाडीपर्यंत फेरी, असं वर्षाला तीन हजार किलोमीटर चालतो. इंजिन मूळचंच, टाटाचं ६९२ मॉडेल. निळा धूर येतो, २०० किलोमीटरला लिटरभर ऑइल खातं, ॲव्हरेज चार आहे. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दोन भाव दिलेत. या इंजिनाचं पूर्ण काम १ लाख ४० हजार. जुन्या बाजारातलं ६९७ टर्बो घेतलं तर इंजिन १ लाख ६० हजार आणि बसवणूक ४० हजार. साठ हजारच जास्त लागणार असतील तर नवंच का घालू नये?
– करवीर तालुक्यातील वाचक

उत्तर : तुमच्या वापरासाठी ६९२ चंच काम करून घ्या. मिस्त्रींचे दोन्ही भाव बरोबर असतील, पण ते एका तराजूत घालता येत नाहीत. १ लाख ४० हजारांत गाडी रस्त्यावर येते. २ लाखांत दुसरं इंजिन फक्त चासीत बसतं.

राहिलेला खर्च असा. पुढचे आकडे वहीत मांडण्यासाठी धरलेले आहेत. भाव तुम्ही पेठेत फिरूनच पक्के करा. जुन्या बाजारातलं इंजिन उघडल्याशिवाय कधीही बसवू नये. रिंगा, मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, सगळे ऑइल सील, हेड गॅस्केट, टर्बोच्या शाफ्टची हालचाल, डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन यांसाठी ५५ हजार धरा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचं फेसिंग २० हजार. इंजिनाची लांबी बदलली की गिअरबॉक्स सरकतो, मग प्रोपेलर शाफ्ट कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यावा लागतो: १२ हजार. टर्बोला पुरेल असा रेडिएटर आणि फॅनभोवतीचं आवरण २५ हजार. सायलेन्सर आणि हवेचे पाइप १५ हजार. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग, ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे मीटर १८ हजार. यात पूर्वीची गाडी १२ व्होल्टची आणि नव्या इंजिनाचा सेल्फ २४ व्होल्टचा निघाला तर बॅटरीपासून बल्बपर्यंत सगळं बदलतं. ते आधी बघा.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलच्या हौजिंगमधली दातांच्या चाकांची जोडी. ६९२ मिनिटाला साधारण २,८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं, नंतरच्या टर्बो इंजिनांची कमाल २,४०० च्या आसपास असते. तुमच्या हौजिंगमध्ये ४१ आणि ६ दात असतील तर रेशो ६.८३ होतो. ९.००-२० टायर एका फेरीत सुमारे ३.१ मीटर जातो. टॉप गिअरमध्ये २,८०० फेऱ्यांना ताशी ७६ किलोमीटर वेग मिळतो, २,४०० ला फक्त ६५. म्हणजे जास्त ताकदीचं इंजिन घालून गाडी हळू होते, आणि सतत कमाल फेऱ्यांवर ताणल्यामुळे डिझेलही वाचत नाही. ४१ आणि ७ दातांचा सेट घातला की २,४०० लाच पुन्हा ७६ येतात. त्याचे ३५ हजार धरा.

एवढ्यांची बेरीज १ लाख ८० हजार. मूळच्या २ लाखांत मिळवली की ३ लाख ८० हजार. चासीवर बसवताना निघणाऱ्या अडचणींसाठी दहा टक्के ठेवले की ४ लाख १८ हजार. जुन्या इंजिनाच्या कामात पंप-नोझल, क्लच, रेडिएटर सफाई धरलेली नसेल तर तिथेही ६० हजार वाढवा. २ लाख होतात. फरक साठ हजारांचा राहत नाही, २ लाख १८ हजारांचा होतो.

आता डिझेल. बहुतेक जण नव्या इंजिनाची तुलना आजच्या थकलेल्या इंजिनाशी करतात आणि तिथेच फसतात. तुलना नीट काम केलेल्या जुन्या इंजिनाशी करायला हवी. आज ४ च्या ॲव्हरेजने वर्षाला ७५० लिटर जातं. काम झाल्यावर ५ मिळालं तर ६०० लिटर. टर्बोने अगदी ६ दिलं तरी ५००. वर्षाला १०० लिटर वाचलं; लिटरला ९० रुपये धरले तर ९ हजार रुपये. २ लाख १८ हजार वसूल व्हायला चोवीस वर्षं लागतात. हाच ट्रक वर्षाला ३० हजार किलोमीटर चालत असता तर अडीच वर्षांत फिटले असते, आणि तेव्हा आमचं उत्तर वेगळं असतं.

ताकदीचाही नीट विचार करा. नावातच माप आहे: ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, स्ट्रोक १२० धरला की सुमारे ४,७८८ सीसी. ६९७ ला बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, म्हणून ५,६७५ सीसी. समजा ११० अश्वशक्तीवरून १३० वर गेलात. ऐकायला वाढ १८ टक्के. पण ११० अश्वशक्ती २,८०० फेऱ्यांना म्हणजे सुमारे २७५ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि १३० अश्वशक्ती २,४०० फेऱ्यांना म्हणजे ३८०. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, जॉइंट-क्रॉस आणि एक्सल यांना अश्वशक्ती कळत नाही, त्यांच्यावर टॉर्कचा भार येतो, आणि तो ३८ टक्क्यांनी वाढला. पन्नास वर्षांच्या गिअरांवर हा भार घालण्याआधी गिअरबॉक्सही उघडावा लागेल. तो खर्च वर धरलेला नाही.

कुणी ४९७ टर्बो सुचवेल. चार सिलिंडर, ३,७८३ सीसी, हलकं, स्वस्त. तुम्ही गगनबावड्यातून भरलेली गाडी खाली नेता, म्हणून सांगतो: उतरताना टर्बोचा काही उपयोग नसतो. इंजिन गाडीला धरून ठेवतं ते सीसीच्या जोरावर. ४,७८८ वरून ३,७८३ वर आलात की करूळ घाटात तेवढा जास्त भार ब्रेक ड्रमवर जातो. चढाला खूश करणारं हे इंजिन उताराला धोक्याचं आहे. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) बसवल्याशिवाय त्याचा विचार करू नका.

काम सुरू करण्याआधी इंजिन गरम करून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळीकडे सारखंच कमी असेल तर लायनर-पिस्टन झिजलेत. कॉम्प्रेशन चांगलं आणि तरी निळा धूर, विशेषतः उतारावरून आल्यावर पहिल्या ॲक्सिलरेटरला, तर व्हॉल्व्ह गाइड बघा; मग खर्च बराच खाली येतो. ऑइलबाथ एअर क्लीनर तुंबला असला तरीही ॲव्हरेज मार खातो. क्रँकचं आजचं माप विचारा. ग्राइंडिंग ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी होतं, आधीच १.०० ला पोचलेला असेल तर दुसरा क्रँक लागेल. क्रँकची क्रॅक तपासणी, हेडची प्रेशर टेस्ट आणि पंपाच्या कॅलिब्रेशनचा कागद हे तिन्ही भावातच लिहून घ्या. ब्लॉकला तडा निघाला तर मात्र पैसे घालू नका. तेव्हा दुसरं ६९२ शोधा, ते नसेल तर ६९७.

प्रश्न : भंगारात निघालेल्या ट्रकचं कॉमन रेल इंजिन (कॉम्प्युटरच्या हुकमाने जास्त दाबाचं डिझेल सोडणारं) फारच स्वस्त मिळतंय. जुन्या गाडीला चालेल का?
– इचलकरंजीतील वाचक

उत्तर : इंजिन स्वस्त आहे, कारण त्याच्यासोबतचं सामान कुणी देत नाही. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), संपूर्ण वायरिंग हार्नेस, सेन्सर असलेलं ॲक्सिलरेटर पेडल, चावी, इमोबिलायझर आणि मीटरचा डबा, हे सगळं त्याच एका गाडीचं हवं. गाडीच्या वेगाचा सिग्नल नसला तरी काही ईसीयू इंजिनाची ताकद तोडतात, मग गाडी कशीबशी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घरी आणावी लागते. हार्नेस मधेच कापलेला असेल तर ते इंजिन घेऊच नका. बीएस-६ असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि युरियाची टाकीसुद्धा आली. नाकवाल्या ट्रकच्या चासीवर त्यांना जागा करणं हे वेगळंच काम.

दुसरी अडचण डिझेलची. कॉमन रेलचा दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो, आणि इंजेक्टरमधल्या फटी केसाहून कितीतरी बारीक असतात. जुन्या टाकीतला गंज आणि पाणी मेकॅनिकल पंप काही काळ सोसतो. कॉमन रेलचे इंजेक्टर टाकीभर डिझेलातच खराब होऊ शकतात. म्हणून नवी टाकी, नव्या नळ्या आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर आधी, इंजिन नंतर. चासीची अर्थिंगची पट्टीही घासून नवी करा. जुन्या चासीत ईसीयूचे बरेच दोष अर्थिंगमधून येतात.

प्रश्न : लेलँड कॉमेटला कमिन्सचं ६बीटी बसवून घेतलं. पाचशे किलोमीटरच्या आत गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग दोनदा गेलं. चौथा गिअर सुटतो. आंबा घाटात टेंपरेचर चढतं. इंजिनच खराब आहे का?
– गडहिंग्लजमधील वाचक

उत्तर : इंजिनाला दोष देऊ नका. अशी चिन्हं बहुतेक वेळा इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या ॲडाप्टर प्लेटमुळे दिसतात. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत नसेल तर शाफ्ट प्रत्येक फेरीला वाकतो. आधी पायलट बेअरिंग जातं, मग इनपुट बेअरिंग, मग गिअर सुटायला लागतो, शेवटी क्लच प्लेटचा हब तडकतो.

गिअरबॉक्स उतरवा. फ्लायव्हीलवर मॅग्नेटने डायल गेज बसवा, टोक बेल हौजिंगच्या भोकाच्या कडेला लावा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. फरक ०.२० मिलिमीटरच्या आत हवा. मग हौजिंगच्या सपाट तोंडावरही तसंच मोजा. जास्त आला तर प्लेट पुन्हा मशिनवर घालून डॉवेल (मध्य जुळवणाऱ्या पिना) नव्या जागी बसवावे लागतील. नुसते बोल्ट आवळून मध्य जुळत नाही, बोल्टच्या भोकात खेळ असतोच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हे काम करणारी मशिन शॉप आहेत, आपल्याकडे ही सोय मोठी आहे. प्लेट गॅस कटिंगची असेल तर टाकून द्या.

इंजिनाचे माउंट चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला वेल्डिंग केलेत का, तेही बघा. तिथे वेल्डिंग केलेली चासी भरलेल्या गाडीत त्याच जागी तडकते. माउंट उभ्या भिंतीला ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने बसवा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवा, एका अंशाहून जास्त फरक नको.

टेंपरेचरचं कारण बहुधा फॅन आहे. फॅनचा मध्य रेडिएटरच्या मध्याशी जुळत नसेल आणि भोवती आवरण नसेल तर फॅन तीच गरम हवा फिरवत बसतो. सपाट रस्त्यावर ते कळत नाही, चढावर कळतं. पात्यांची निम्मी रुंदी आवरणाच्या आत हवी.

आणि इंजिनाचं समोरचं कव्हर कधी उघडलंत तर एक काम करून घ्या. जुन्या १२ व्हॉल्व्हच्या ६बीटीमध्ये टायमिंग केसमधली छोटी पोलादी डॉवेल पिन कंपनाने बाहेर सरकून गिअरमध्ये पडू शकते. शेजारच्या बोल्टखाली पोलादी पट्टी घालून तिचं तोंड झाकतात. काम अर्ध्या तासाचं आहे. पिन पडली तर केस फुटू शकते.

प्रश्न : १९६९ ची महिंद्रा विलीज पिकअप आहे, पेट्रोल हरिकेन इंजिन, खाजगी नोंदणी. डिझेल इंजिन घातलं तर पासिंगला अडचण येईल का?
– कोल्हापूर शहरातील वाचक

उत्तर : येईल, आणि तुमच्या बाबतीत नुकसान दुप्पट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन घातलं तरी इंजिन नंबर बदलतो. त्यासाठीही आरटीओची आधी परवानगी घ्या, आणि परवानगीशिवाय बदल झाला असेल तर चौदा दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. वेगळ्या प्रकारचं इंजिन घालायचं असेल तर लेखी अर्ज आधी, इंजिन खरेदी नंतर. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येतो. जुनं इंजिन कुठलंही घ्या, बिलावर इंजिन नंबर आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचा चासी नंबर लिहून घ्या.

दुसरं नुकसान व्हिंटेज नोंदणीचं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खाजगी गाडी मूळ रूपात असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळू शकतो. फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. रोजच्या वापराला ती नोंदणी चालत नाही, पण तुमची पिकअप रोज चालत नसेल तर हरिकेनचंच काम करा. डिझेल इंजिन आधीच आणून ठेवलं असेल तरी मूळ इंजिन भंगारात देऊ नका. इंजिन नंबर दिसेल असे फोटो काढा, कार्बोरेटरची तोंडं बंद करा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि ते लाकडी स्टँडवर कोरड्या जागी ठेवा.