अमेरिकेत आपल्या खुणा चालतील का?

भाऊ, तू लिहिलंस की तू जन्मापासून कर्णबधिर आहेस, धुळ्याला शिकलास, आता पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला यायचं ठरवतोयस. खुणांची भाषा जगात सगळीकडे एकच असते ना, असं विचारलंस. नाही रे. चोपड्याहून निघताना मलाही तसंच वाटत होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलीला मी माझं नाव बोटांनी सांगायला गेले. इंग्रजी अक्षरांच्या खुणा करायला आपल्याला दोन्ही हात लागतात. अंगठ्याच्या टोकाला बोट लावलं की ए, तर्जनीला लावलं की ई, करंगळीला यू. ती माझ्या हातांकडे बघतच राहिली. इथे सगळी अक्षरं एकाच हातावर! आपली दोन हातांची पद्धत इंग्रजांकडची. इंग्लंड-अमेरिकेची बोलायची भाषा एक, पण तिथल्या आणि इथल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. १८१७ साली इथल्या हार्टफर्ड शहरात कर्णबधिरांची शाळा निघाली, तिथे लॉराँ क्लेर्क हा स्वतः कर्णबधिर असलेला शिक्षक फ्रान्सहून आला होता. म्हणून इथल्या खुणांचं नातं फ्रान्सशी जास्त.

तेव्हा निघायच्या आधीपासूनच अमेरिकन साइन लँग्वेज शिकायला लाग. पण त्याआधी आपली भारतीय साइन लँग्वेज पक्की कर. आमच्या शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची, ओठ वाचा म्हणायचे. मला भाषा मिळाली ती रात्री होस्टेलमध्ये, मोठ्या मुलींकडून. तेवढी एक भाषा हातात होती म्हणूनच इथली लवकर आली, असं माझं ठाम मत आहे. दिल्लीच्या सरकारी संस्थेने १० हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केलाय, तो रोज बघ. लिहायचं-वाचायचं इंग्रजी मात्र कोणी तुझ्यासाठी करणार नाही.

दवाखान्यात भावाला सोबत न्यायची सवय सोड. १९९० च्या कायद्याने इथे दवाखान्याला इंटरप्रिटरची, म्हणजे खुणांच्या दुभाष्याची, सोय करावी लागते, पैसे आपल्याकडून घेत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, संकोच करायचा नाही. फोनचंही तसंच, व्हिडिओवर इंटरप्रिटर मध्ये असतो आणि तुझं बोलणं पलीकडच्याला ऐकवतो.

आणखी एक. माझी आई भरीत म्हणताना डाव्या हाताने वांग्याचा देठ धरल्यासारखं करते, उजव्या हाताने जळकं साल ओढते आणि मग चटका बसल्यासारखी बोटांवर फुंकर मारते. पऱ्हाट्यांवर वांगी भाजलेल्या बाईची ती खूण, कुठल्या शब्दकोशात सापडायची नाही. तुझ्याही घरात अशा खुणा असतील. निघायच्या आधी आईला, आजीला समोर बसवून त्यांचा व्हिडिओ करून ठेव. मी केला नाही. आजी गेली, आणि तिच्या कितीतरी खुणा आता आमच्या घरात कोणालाच आठवत नाहीत.