युरोव्हिजन या देशादेशांमधल्या वार्षिक गीतस्पर्धेत २०२३ मध्ये प्रेक्षकांचा कौल फिनलंडला असताना स्वीडन जिंकले. हा निकाल अन्यायाचा नव्हता का?

त्या अंतिम फेरीत मी स्वतः फिनलंडला मत दिले होते, हे आधीच सांगते, म्हणजे माझा कल कुठे होता हे आपल्या लक्षात येईल. स्पर्धेत भाग न घेणाऱ्या देशांतील प्रेक्षकांना २०२३ मध्ये पहिल्यांदाच मतदान करता आले. या सगळ्या देशांची मते एकत्र मोजून त्यांना एका देशाइतके वजन दिले जाते, त्यामुळे मुंबईतून दिलेल्या एका मताचे मोल फारसे नव्हते. तरीही ते देताना मला मनापासून आनंद झाला. आणि तरीही, प्रेक्षकांना डावलले गेले ही आपली तक्रार मला पटत नाही.

प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रेक्षक वेगवेगळे गुण देतात आणि दोन्हींच्या बेरजेवर निकाल लागतो. आकडे असे आहेत. फिनलंडच्या कॅरिया या गायकाला प्रेक्षकांकडून ३७६ आणि परीक्षकांकडून १५० असे एकूण ५२६ गुण मिळाले, तर स्वीडनच्या लोरीन या गायिकेला प्रेक्षकांकडून २४३ आणि परीक्षकांकडून ३४० असे ५८३. चर्चेत नेहमी ३७६ आणि ३४० हे दोनच आकडे समोर ठेवले जातात आणि २४३ कडे कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात त्या २४३ गुणांनी लोरीन प्रेक्षकांच्या यादीतही दुसऱ्या क्रमांकावर होती. उपांत्य फेरीत तर परीक्षकांचे गुण नव्हतेच, आणि तिथेही प्रेक्षकांनी फिनलंडला पहिले व स्वीडनला दुसरे ठेवले होते. उलट कॅरिया परीक्षकांच्या यादीत चौथा होता. एकीकडे पहिली आणि दुसरीकडे दुसरी आलेली गायिका, एकीकडे पहिल्या आणि दुसरीकडे चौथ्या आलेल्या गायकाच्या पुढे गेली, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

तो शेवटचा अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. लिव्हरपूलमध्ये रात्री आठला सुरू होणारा कार्यक्रम आपल्याकडे साडेबाराला सुरू होतो. घरचे झोपलेले असल्यामुळे मी हेडफोन लावून स्वयंपाकघराच्या ओट्याशी स्टूल घेऊन बसले होते. प्रेक्षकांचे गुण परीक्षकांच्या यादीत तळाशी असलेल्या देशापासून जाहीर होतात. फिनलंडच्या नावापुढे ३७६ आले तेव्हा सभागृहात नुसता जल्लोष उसळला, आणि हिरव्या, फुगीर बाह्यांच्या जाकिटातला कॅरिया क्षणभर विजेताच वाटला. मग इटली झाले, इस्राएल झाले आणि शेवटी फक्त स्वीडन उरले. फिनलंडच्या पुढे जाण्यासाठी लोरीनला १८७ गुण हवे होते. मी मनातल्या मनात बेरीज करत होते आणि इतके गुण तिला मिळणार नाहीत अशी आशा धरून होते. २४३ जाहीर झाले तेव्हा खाली सोसायटीच्या फाटकाशी दूधवाल्याचे क्रेट उतरत होते. मला फार वाईट वाटले. पण बेरीज चुकली आहे असे त्या क्षणीही वाटले नाही.

याचे कारण कदाचित असे की, महाविद्यालयात असताना दादरच्या एका सभागृहात झालेल्या समूहगीत स्पर्धेत परीक्षकांच्या गुणपत्रिकांची बेरीज करण्याचे काम माझ्याकडे होते. ज्या संघाला वन्स मोअर मिळाला होता, त्याला एका परीक्षकाने पहिला, एकाने चौथा आणि एकाने पाचवा क्रमांक दिला होता. पहिला क्रमांक गेला तो तिघांनीही दुसऱ्या स्थानी ठेवलेल्या संघाला. मी बेरीज तीनदा तपासली. निकालानंतर त्या मुलांपैकी एकाने मला जिन्यात गाठून विचारले, “ताई, आमचे गुण गेले कुठे?” मला तेव्हा नीट उत्तर देता आले नव्हते. लोरीनची गोष्ट त्याच जातीची आहे: प्रेक्षकांच्या मतांत एकाही देशाने तिला सर्वाधिक, म्हणजे पूर्ण १२ गुण दिले नाहीत, आणि तरीही ती त्यांच्या यादीत दुसरी आली, कारण बहुतेक ठिकाणी ती वरच्या काही जणांत होतीच.

आता ज्या गोष्टी मला खरोखर खटकतात त्या सांगते. २०२३ मध्ये प्रत्येक देशाच्या परीक्षक मंडळात फक्त पाच माणसे होती, आणि त्या पाचांच्या मतांना त्या देशातल्या सगळ्या प्रेक्षकांच्या मतांइतकेच वजन होते. शिवाय परीक्षक गुण देतात ते आदल्या रात्रीच्या सरावाच्या प्रयोगावर, म्हणजे आपण जे गाणे ऐकतो ते त्यांनी गुण देताना ऐकलेलेच नसते. ज्या स्पर्धेत एखादा सूर हलला तरी क्रमांक बदलतो, तिथे ही व्यवस्था मला अजिबात पटत नाही. परीक्षकांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाला १७७ गुण होते, म्हणजे लोरीनच्या जवळपास निम्मे. इतकी एकवाक्यता पाहून मंडळे मोठी आणि अधिक वेगवेगळ्या वयांची असावीत असे वाटते. २०२६ पासून मंडळात सात जण असतील आणि त्यात किमान दोन तरुण असतील असा निर्णय झाला आहे, तो मला योग्य वाटतो. परीक्षकच नकोत असे मात्र मी म्हणणार नाही. शेजारी देश एकमेकांनाच मते देतात या जुन्या तक्रारीमुळे २००९ मध्ये परीक्षकांना अंतिम फेरीत परत आणले गेले, आणि ती तक्रार खोटी नव्हती.

परीक्षक प्रेक्षकांवर नेहमीच मात करतात असेही नाही. २०२१ मध्ये इटली आणि २०२२ मध्ये युक्रेन, दोघेही परीक्षकांकडे चौथे असूनही प्रेक्षकांच्या बळावर जिंकले. त्यानंतर वारे फिरले हे खरे. २०२४ मध्ये जिंकलेल्या स्वित्झर्लंडच्या नेमोला परीक्षकांनी ३६५ गुण दिले, पण प्रेक्षकांच्या यादीत ते गाणे पाचवे होते; २०२५ मध्ये जिंकलेला ऑस्ट्रियाचा जेजे प्रेक्षकांकडे चौथा होता. आपला राग या दोन वर्षांवर असता, तर मी निम्म्याहून अधिक सहमत झाले असते. त्या मानाने २०२३ चा निकाल कितीतरी भक्कम आहे.

आणि त्या वर्षीची माझी खरी हळहळ आता फिनलंडसाठी नाही, नॉर्वेसाठी आहे. नॉर्वेची गायिका अलेस्सांद्रा हिला प्रेक्षकांनी २१६ गुण देऊन तिसरे स्थान दिले होते. परीक्षकांकडून तिला मिळाले अवघे ५२, आणि ती पाचवी आली. तिच्याबद्दल मला कोणी प्रश्न विचारलेला आठवत नाही.